साठ पोती चुना

त्या वर्षी शिंपले धुवायला पाऊस आला नाही.

एरवी हे काम सोपं असे. ओहोटीला खडकावरची कालवं खरवडून आणायची, आतलं मांस खायचं, शिंपले काठावरच्या गवतात पसरायचे आणि वर्षभर त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. येताजाता पाऊस त्यांच्यातलं मीठ काढून नेतो. मग भट्टी लावली की चुना असा निघतो की बोटावर घेतला तर सायीसारखा पसरतो. टॉर्किल मॅकस्वीन रोज सकाळी गवतातून एक शिंपला उचलायचा, जिभेला लावायचा आणि थुंकायचा. गाईची धार काढता काढता त्याची बायको इश्बेल ते थुंकणं ऐकायची आणि तिला कळायचं, आजही खारटच.

खाऱ्या शिंपल्यांचा चुना निघतो, भिंतीलाही बसतो. पण हवेत ओल आली की भिंत पाझरते, लोणा धरते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटून पडतात. चुलीमागच्या भिंतीला असं झालं तर कुणी बघत नाही. पण हा चुना चर्चचा होता.

न्यू रासे या वस्तीत तेव्हा सतरा घरं होती, सगळी एकाच बेटावरची. जमीनदाराला मेंढ्यांसाठी बेट मोकळं हवं होतं, म्हणून घरांवरची छपरं पेटवून माणसं उठवली गेली आणि एकाच जहाजात बसून समुद्रापार, सिडनीकडच्या या किनाऱ्यावर आली. त्याला दहा वर्षं झाली होती. दहा वर्षं झाडाच्या सालींच्या छपराखाली गिलीस मास्तर बायबल वाचत आले होते, कारण पाद्री नव्हता. आता सरकारने कळवलं होतं की तुम्ही जितकी वर्गणी जमवाल तितकीच भर आम्ही घालू. यादी नोव्हेंबरअखेर सिडनीला निघाली पाहिजे. आणि यादीत ज्या बाजूची वर्गणी जास्त, त्या बाजूने विश्वस्त नेमायचे. विश्वस्तांनी पाद्री बोलवायचा.

नदीपलीकडचं सगळं रान रेनिकसाहेबाचं. त्याने एकट्याने एकशे चाळीस पौंड लिहिले. त्याला इंग्रजीत प्रवचन करणारा पाद्री हवा होता, त्याच्या बायकोला कळेल असा, आणि सिडनीहून पाहुणे आले तर लाज वाटणार नाही असा. सतरा घरांनी गहू विकून आणि जंगलात लाकडं कापून नव्वद पौंड उभे केले. बाकीचा वाटा चुन्याचा. साठ पोती, पोत्याला एक पौंड, असं पंचांनी आधीच धरलं होतं. म्हणजे दीडशे. दहा पौंडांच्या फरकाने पाद्री आपल्या बोलीचा येणार होता.

टॉर्किलची आई ऊना अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिला इंग्रजीचे दोनच शब्द यायचे, एक गाईसाठीचा आणि एक 'नको' म्हणायचा. दहा वर्षांत तिने प्रवचन ऐकलं नव्हतं. मास्तरांचं वाचन ती जमेला धरत नसे. "छापलेलं तर बोकडही चावून खातो," ती म्हणायची. "माणसाच्या पोटातून आलेलं पाहिजे. मरायच्या आधी एकदा." रोज संध्याकाळी चुलीशी बसून ती विचारायची, "किती पोती झाली गं पोरी?" आणि इश्बेल सांगायची, "अजून एकही नाही, आई."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रार्थना झाल्यावर पंचांची बैठक बसली. रेनिकसाहेब घोड्यावरून आला आणि आपली टोपी मांडीवर ठेवून, एकुलत्या एका खुर्चीवर बसला. त्याचं बोलणं मास्तर सांगत होते. साहेब म्हणाला, पाऊस नाही म्हणून अडून कशाला बसता? माझ्या रानात नदीच्या वळणावर शिंपल्यांचा एवढा मोठा ढीग आहे. शे-दोनशे वर्षांच्या पावसाने धुतलेला. घेऊन जा, फुकट.

माणसांच्या छातीवरचा दगड उतरला. कुणी कुणी बसल्या जागी हसलं. बायका डाव्या बाजूला आपापल्या स्टुलांवर बसलेल्या. बैठकीत त्यांनी बोलायचं नसे. पण त्यांच्यातली मार्साली गप्प बसणारी नव्हती. ती शेजारणीशी बोलल्यासारखी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "फुकट ते फुकट, पण यादीत तो चुना कुणाच्या नावावर चढणार, ते विचारा."

मास्तरांनी तो प्रश्न स्वतःचा करून विचारला. रेनिकसाहेबाने टोपी फिरवली. शिंपले माझे, तर चुनाही माझाच, तो म्हणाला. भट्टी लावायची मजुरी मी देईन.

टॉर्किल उभा राहिला. हळू बोलणारा माणूस, शब्द आधी तोंडात घोळवणारा. देवाच्या कामाची मजुरी मी घेत नाही, एवढं सांगून तो खाली बसला. तेव्हा रेनिकसाहेब हसून काहीतरी बोलला आणि मास्तर ते सांगायचे थांबले. "सांगा की," टॉर्किल म्हणाला.

"तो म्हणतो, मग खारा चुना जाळा. दहा वर्षांनी भिंती रडायला लागल्या की लोक विचारतील, भट्टी कुणाची होती?"

टॉर्किलचे कान लाल झाले.

उपाय इश्बेलला सुचला, आणि तोही फार मोठा नव्हता. पाऊस धूत नाही तर आपण धुवायचं. गोड्या पाण्याचा ओढा पाव मैलावर होता. सतरा घरांत एकवीस धडधाकट बायका होत्या आणि प्रत्येकीकडे बेटावरून आणलेली, पाठीवर बांधायची टोपली होती. त्या टोपल्यांतून शिंपले ओढ्यावर गेले. हातमागाचं ओलं लोकरी कापड आपटून घट्ट करायला लागते तशी लांब फळी मास्तरांच्या घरून आली. फळीच्या दोन्ही अंगांना बायका बसल्या, मधे शिंपले, त्यावर बादलीने पाणी, आणि हातांनी रेटून, फिरवून, आपटून तालावर धुणं सुरू झालं. कापडासाठीचंच गाणं त्यांनी शिंपल्यांसाठी म्हटलं. ऊनाला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. ती एक ओळ उचलायची आणि बाकीच्या पुढची ओळ ओढायच्या.

पहिल्या दिवशी मजा आली. तिसऱ्या दिवशी कुणाचाच तळहात शाबूत नव्हता. कालवाच्या शिंपल्याची कड सुरीसारखी असते. कापलेलं दिसत नाही, पाण्यात लाल झालं की कळतं. रात्री बायका मेंढीची चरबी चोळून हातांना चिंध्या बांधायच्या आणि सकाळी त्या सोडायच्या. माश्या जखमांवरून उठत नसत. मार्साली म्हणायची, "पाद्री दिसायला तरी बरा असू दे गं बाई. एवढं रक्त मी नवऱ्यासाठीसुद्धा सांडलं नाही."

तीन पाण्यांनी धुतलेला शिंपला टॉर्किल जिभेला लावायचा. दोन पाण्यांनंतर तो अजून मान हलवायचा. तिसऱ्यानंतर क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "चालेल." 'छान' तो कधी म्हणाला नाही.

या दिवसांत मासळीवाली म्हातारी ओढ्यावर यायची. ती इथल्या मूळच्या लोकांतली, इश्बेलच्या दाराशी पाच-सहा वर्षं येणारी. ती मासे द्यायची आणि इश्बेल वाडगाभर पीठ. तिने आपलं नाव दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा इश्बेलची जीभ अडखळल्यावर ती पोट धरून हसली होती. तिच्या गळ्यात दोरा गुंडाळलेला असे आणि दोऱ्याला शिंपल्याचा घासून केलेला, चंद्रकोरीसारखा गळ. गोऱ्या बायका शिंपले धुताना बघून तिला फार मौज वाटली. तिने एक शिंपला उचलला, उलटसुलट केला. मग नदीच्या वळणाकडे बोट केलं, नंतर स्वतःच्या तोंडाकडे. मग तळवा कमरेखाली धरून एवढ्याशा पोरीची उंची दाखवली, आणि पुन्हा वळणाकडे बोट करून, हात खांद्यामागून दूर, आणखी दूर फेकला.

इश्बेलला कळलं. मी लहान असताना तिथे जेवायचे, माझी आई जेवायची, तिच्या मागच्या सगळ्या. तो ढीग नदीने घातलेला नव्हता. पण हात थांबवायची वेळ नव्हती, आणि त्या ढिगाशी आता आपला संबंधही नव्हता. तिने मान डोलावली आणि शिंपले धुवत राहिली. घरी कुणाला सांगितलं नाही.

चार भट्ट्या निघाल्या. खाली तिवराची लाकडं, वर शिंपले, पुन्हा लाकडं, पुन्हा शिंपले, माणसाच्या उंचीपेक्षा वर. दिवसभर आणि पुढचा दिवसभर भट्टी धुमसायची. गार झाल्यावर टॉर्किल वरून गोडं पाणी शिंपडायचा, तेव्हा शिंपले सुस्कारा टाकल्यासारखे फुटून पीठ व्हायचे. त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या आणि खोकताना पांढरं पडायचं. नोव्हेंबरच्या मध्याला छपराखाली चाळीस पोती उभी राहिली.

आणि ओढा आटला. एका सकाळी बादली बुडेना, दुसऱ्या सकाळी वाटीही बुडेना. गुरांपुरतं डबकं उरलं.

"किती झाली गं?"

"चाळीस."

ऊनाने बोटं मोजली नाहीत. तिला हिशेब तोंडपाठ होता. "म्हणजे साहेबाचाच पाद्री," ती म्हणाली. तिने शाल ओढून घेतली. त्या संध्याकाळपासून तिने विचारणं बंद केलं. जेवणही अर्धं केलं. तिचं न विचारणं इश्बेलला ऐकवेना.

दोन दिवसांनी बातमी आली की रेनिकसाहेब गुरं घेऊन सिडनीला गेला आहे, महिनाअखेर परतेल. टॉर्किल जेवताना घासाकडे बघत म्हणाला, "वळणावर होडी पायथ्यालाच लागते."

इश्बेलने त्याच्या ताटात वाढलं.

"चोरीच आहे ती," तो म्हणाला. "पाद्री आला की त्याच्यासमोर कबूल करीन. आधी आईला ऐकू दे."

आयुष्यात परक्या झाडाचं फळ न उचललेला माणूस. इश्बेलने त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा तिला सांगता आलं असतं. ती उठली आणि टोपलीचे बंद तपासायला लागली.

सहा होड्या, तीन दिवस, भरदिवसा. मासळीवालीची माणसं या दिवसांत वर डोंगराकडे जात. वळणावर कुणी नव्हतं. ढीग जवळून पाहिला तेव्हा तो घराइतका उंच होता आणि त्यावर गवत वाढलं होतं. टॉर्किलने पायथ्याशी फावडं घातलं, पहिलाच शिंपला जिभेला लावला आणि त्याचे डोळे भरून आले. मिठाचं नाव नव्हतं. "छान," तो म्हणाला.

दुपारपर्यंत ढिगाला मोठी खाच पडली आणि आतलं दिसायला लागलं. शिंपल्यांचा एक थर, मग काळी राख, मग माशांचे काटे, पुन्हा शिंपले, पुन्हा राख. पाटावर पाट ठेवावेत तसे वरपर्यंत. इश्बेल टोपली भरता भरता थांबली. बेटावरच्या घराची जमीन तिने अशीच पाहिली होती, ज्या दिवशी छप्पर जाळलं आणि चुलीचा दगड उपटून काढला त्या दिवशी. त्याखालीही राखेचे थर होते, कुणा कुणा सासवांचे.

"टॉर्किल, इथे लोक जेवत आलेत," ती म्हणाली.

"कोण लोक?"

"मासळीवाली. तिची आई. त्यांच्या आधीच्या."

तो फावड्यावर रेलला. खरंच विचार केला त्याने, कपाळावर आठी घालून. मग म्हणाला, "असतील. पण जमीन रेनिकची आहे. माझं पाप त्याच्याशी आहे." आणि पुन्हा फावडं घातलं.

तिच्या टोपलीच्या कडेला एक वेगळा तुकडा आला, गुळगुळीत, चंद्रकोरीसारखा, टोक मोडलेलं. तिने तो ॲप्रनच्या खिशात टाकला आणि टोपली उचलली. दर खेपेला तो मांडीला लागायचा.

वीस पोती झाली. साठ.

महिनाअखेरच्या बैठकीत रेनिकसाहेब खुर्चीवर बसला, तेव्हाच्या त्याच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं की तो नदीच्या वाटेने आला होता. कुणीतरी माझा ढीग कापला आहे, तो म्हणाला. वीस पोत्यांइतका.

मास्तर ते सांगायच्या आतच टॉर्किल उठला. "मी कापला." त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "वीस पोती साहेबाच्या नावावर लिहा. मजुरी नको."

वीस इकडची तिकडे गेली की पाद्री गेला. ऊना दाराशी, घरून आणलेल्या खुर्चीवर होती, तिला नीट ऐकू गेलं नव्हतं; ती एकेकाचं तोंड बघत होती. मास्तरांनी चश्मा पुसला. खूप वेळ पुसला.

"टॉर्किल, कुठून कापलास?" त्यांनी विचारलं. "वरून की खालून?"

"पायथ्याकडून. होडी तिथेच लागते."

"उधाणाची भरती तिथवर येते?"

"येते, दोन-चार वर्षांतून एकदा. पायथा भिजतो."

मास्तर रेनिकसाहेबाकडे वळले आणि इंग्रजीत बोलले, मग तेच सगळ्यांना सांगितलं. साहेबाच्या कागदावर जमिनीची हद्द भरतीच्या रेघेपर्यंत आहे. त्याच्या खालचं साहेबाचं नाही.

मग कुणाचं आहे, रेनिकसाहेबाने विचारलं.

"सरकारचं म्हणा," मास्तर म्हणाले. "पण सरकारने ते कुणाला दिलेलं नाही. म्हणजे कुणाचंच नाही."

कुणाचंच नाही. सालींच्या छपराखाली एक मोठा श्वास सुटला. टॉर्किल मटकन खाली बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. त्याची चोरी चोरी उरली नव्हती. रेनिकसाहेब थोडा वेळ टोपीकडे बघत राहिला. सरकारची भर त्यालाही हवी होती, आणि भांडण सिडनीला पोचलं असतं तर यादीच परत आली असती. गिलीस, तू मास्तर नाही, वकील व्हायला हवा होतास, असं म्हणून त्याने सही केली. मार्सालीने डावीकडून नाक ओढलं. इश्बेलचा हात खिशात होता. मोडक्या गळाची कड अजून धारदार होती.

डिसेंबरमध्ये मासळीवाली दाराशी आली. तिच्या हातात मासे नव्हते. इश्बेल धावत आत गेली आणि नेहमीच्या वाडग्याऐवजी मोठं भगुणं पिठाने भरून आणलं. म्हातारीने पिठाकडे पाहिलं नाही. तिने इश्बेलचं मनगट धरलं आणि तळहात उलटा केला. भेगांत चुना बसला होता, तो धुतल्याने जात नसे. म्हातारीने त्या पांढऱ्या रेषांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, निघतो का बघावं तसा. मग हात सोडला आणि निघून गेली. गळ खिशात होता. द्यायचा तर त्याच क्षणी देता आला असता.

ती पुन्हा आली नाही.

पाद्री यायला सोळा महिने लागले. तोवर भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं. पहिल्या रविवारी ऊनाला गाडीतून आणलं आणि अगदी पुढच्या बाकावर बसवलं. तिने गुडघ्यांवर हात ठेवले आणि दोन तास पापणी हलवली नाही. पाद्री तरुण होता, भरभर बोलायचा, नाकातून.

घरी परतताना गाडीत कुणी तिला विचारायचं धाडस केलं नाही. ओढा ओलांडल्यावर तीच म्हणाली, "लुईस बेटावरचा आहे मेला, त्यांचं बोलणंच वेगळं. अर्धं कळलं नाही."

बैल दहा-वीस पावलं चालले असतील.

"अर्धं कळलं," ती म्हणाली, आणि शाल डोळ्यांना लावली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

त्या पहिल्या रविवारी दाराशी वर्गणीचं ताट ठेवलं होतं आणि ताटाजवळ टॉर्किल उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला मान लववत होता, ताटात कोण काय टाकतं ते न बघता, तशी रीतच आहे. इश्बेलने आपलं नाणं टाकलं आणि त्याच्याबरोबर खिशातला तुकडाही. संध्याकाळी मास्तरांनी ताट मोजलं. चर्चच्या वहीच्या पहिल्या पानावर, पौंड-शिलिंगांच्या खाली, त्यांच्या सुबक अक्षरात अजूनही वाचता येतं: शिंपल्याचं बटण, एक, मोडकं. देणारा अज्ञात. दर वर्षी हिशेब वाचताना ती ओळ आली की लोक हसायचे आणि मार्साली एकेका चिक्कूच्या कोटाची बटणं मोजायला लागायची.

चर्चची दक्षिणेकडची भिंत दर पावसात पाझरते. ती धुतलेल्या शिंपल्यांची; तीन पाणी पुरे पडलं नव्हतं. उत्तरेकडची, वळणावरच्या ढिगाची, कोरडी ठणठणीत आहे, आणि त्या बाजूच्या बाकांसाठी माणसं भांडतात. चुना ज्यांनी दिला त्यांना पंचांनी तिथला पहिला बाक दिला. इश्बेल बत्तीस वर्षं त्या बाकावर बसली, म्हातारी झाली, कंबरेत वाकली. भिंतीला पाठ टेकून बसलेलं तिला कुणी पाहिलं नाही.